रजिस्टर कोरं राहिलं म्हणून विभाग चांगला ठरत नाही

नाशिकमध्ये हॉटेलं, रुग्णालयं, सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्यांत एक संदेश सारखा फिरतो आहे. 2027 च्या सिंहस्थात गर्दी वाढणार म्हणून तो आणखीच पुढे पाठवला जातो. ‘चुकांचं रजिस्टर महिनाभर कोरं ठेवणाऱ्या विभागाला बक्षीस द्या. चुकणाऱ्याच्या पगारातून कापा. दर सोमवारी सगळ्यांसमोर विचारा, ज्याला अडचण असेल तो सांगेल.’ आमच्या मते हे तिन्ही सल्ले घातक आहेत.

‘रजिस्टर कोरं, म्हणजे चुका नाहीत.’ संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या आणि 1996 साली निष्कर्ष मांडले. अपेक्षा अशी होती की चांगल्या चमूत चुका कमी निघतील. निघालं उलटं: जिथे प्रमुख परिचारिकेवर विश्वास होता, तिथेच नोंदी जास्त होत्या. तिथे लोक चूक बोलून दाखवत होते, बाकीच्या वॉर्डांत ती दाबली जात होती.

एक प्रसंग बघा. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही वॉर्डात तो घडू शकतो. रात्रपाळी नुकतीच सुरू झाली आहे. ट्रेमध्ये लाल टोपीच्या (दर मिलीला 40 युनिटच्या औषधासाठी) आणि केशरी टोपीच्या (दर मिलीला 100 युनिटच्या औषधासाठी) इन्सुलिन सिरिंज एकत्र पडल्या आहेत. बाटली 100 ची आहे, घाईत हातात येते ती लाल सिरिंज. 10 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर 0.25 मिली, म्हणजे 25 युनिट जातात, अडीचपट. रुग्णाची साखर धोकादायक खाली येऊ शकते. सिस्टरच्या वेळीच लक्षात येतं आणि ती सिरिंज बदलते. रुग्णाला काही झालं नाही. आता तिने हे लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी ट्रे वेगळे होतील. ‘तुझ्यामुळे आमचं बक्षीस गेलं’ हे ऐकायच्या भीतीने गप्प बसली, तर पुढच्या रात्री दुसरी कुणी तीच सिरिंज उचलेल. बक्षीस सगळ्या विभागाला असतं, म्हणून गप्प बसवण्याचं कामही सगळा विभाग करतो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण नुकसान व्हायचं ते होतंच.

‘दंड केला की शिस्त लागते.’ आधी कायदा: दंड एका पगारकाळात वेतनाच्या 3 टक्क्यांपलीकडे नेता येत नाही आणि त्याआधी कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि माफी म्हणजे बेशिस्त, हेही खरं नाही. अमेरिकेत विमान वाहतुकीतल्या चुकांचे अहवाल 1976 पासून नासाकडे जातात, दंड करणाऱ्या खात्याकडे नव्हे. अनवधानाने नियम मोडला आणि 10 दिवसांत कळवलं, तर साधारणपणे दंड माफ होतो. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा आणि अपघात यांना ही सूट नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी जो साहेब पगारवाढ ठरवतो, त्याच्याच टेबलावर चुकीचा कागद जातो. तिथे लिहिणार कोण?

‘सभेत विचारलं की लोक सांगतात.’ सांगत नाहीत. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. शिवाय एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरतात किंवा मनातच खोडतात. डील आणि स्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की गटात कल्पना कमी निघण्याचं मोठं कारण हेच. म्हणून पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक अडचण आणि एक उपाय लिहायचा. मग वाचायचं, सुरुवात सगळ्यांत नव्या माणसापासून. साहेबांची चिठ्ठी शेवटी.

रजिस्टरमध्ये रकाने पाचच ठेवा: काय घडलं किंवा घडता घडता राहिलं, कुठे आणि किती वाजता, तेव्हा हाताशी काय होतं, काय बदललं, कोणत्या तारखेला. ‘कोणाची चूक’ हा रकाना नको. चौथा रकाना आठ दिवसांत भरला गेला नाही, तर लोक लिहिणं सोडून देतात. बहुतेक रजिस्टरं इथेच मरतात.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदी वाढतील आणि मालक घाबरतील. तेव्हा एकूण आकडा बघू नका. ‘घडता घडता राहिलं’ अशा नोंदी किती आणि प्रत्यक्ष इजा किंवा नुकसान झालेल्या किती, हे दर महिन्याला वेगवेगळं मोजा.