एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: गोल्फच्या बुटांना मेटल स्पाइक की सॉफ्ट स्पाइक

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढताना वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी मामांशी बोलायचं होतं (तुमच्या बुटांचं काम त्यांनीच केलं) आणि तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून नीट बघायचा होता. दोन्ही झालं, आता लिहिते.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात. सरांनी त्यांचे जुने गोल्फचे बूट आमच्या नवी पेठेतल्या दुकानात खिळे बदलायला टाकले होते. पावतीवर ‘मेटल स्पाइक’ असं लिहिलं होतं. आम्ही सॉफ्ट स्पाइक (प्लास्टिकचे) लावून दिले आणि १२५० रुपये घेतले. सर पुण्याला खेळायला गेले. तिसऱ्या होलच्या, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्याच्या, टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) फटका मारताना डावा पाय सरकला, पडता पडता सावरले आणि एक स्पाइक गळून गेला. त्यांचं म्हणणं असं, की मागितलं एक आणि दिलं दुसरं, प्लास्टिकचे लोखंडापेक्षा जास्त पैसे लावले, टायगर वुड्ससुद्धा मेटल घालतो, आणि सोलापुरात गोल्फमधलं कुणाला काही कळत नाही.

सर, पहिली गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. पावतीवर मेटल लिहिलं होतं आणि तुम्हाला न विचारता सॉफ्ट लावले गेले. ‘पुण्याला खेळायला जातो’ असं तुम्ही बूट देताना बोलला होता, त्यावरून मीच मामांना सॉफ्ट लावायला सांगितलं. माझा हेतू तुमचं खेळणं अडू नये हाच होता, पण एक फोन करायला हवा होता आणि तो मी केला नाही. बूट तुमचे, पैसे तुमचे. मनापासून माफी मागते.

दुसरी चूक तुमच्या रिव्ह्यूत नाही, ती मला फोटोत दिसली. डाव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, एक भोक रिकामं आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका पूर्ण होताना सगळं वजन डाव्या पायाच्या त्याच कडेवर जातं. म्हणजे जिथे पकड सगळ्यात जास्त हवी, नेमका तिथलाच स्पाइक निघाला. तो का निघाला तेही सांगते. तुमच्या बुटांना स्टीलचे बारीक आट्यांचे खिळे होते, एका बुटाला ११, दोन्ही मिळून २२. त्यातले तीन इतके गंजले होते की पान्याची दोन्ही टोकं घसरत होती. मामांनी तेलाचे थेंब सोडून बूट रात्रभर उलटे ठेवले, सकाळी हळूहळू फिरवत खिळे काढले. पण त्यातल्या एका भोकाच्या तळाला गंजाची भुकटी शिल्लक राहिली असणार. नवा स्पाइक अर्ध्यावर अडकला आणि वरून बघताना पूर्ण बसल्यासारखा वाटला. तळ सोलला टेकलाय का, हे प्रत्येक स्पाइकला नख लावून बघायचं असतं. माझे वडील तसंच बघायचे. या वेळी ते झालं नाही. पाय सरकला त्यात आमचा वाटा आहे, आणि तुम्हाला लागलं नाही याबद्दल मी देवाचे आभार मानते.

आता जिथे मी तुमच्याशी सहमत नाही ते.

तुमच्याच फोटोत बाकीचे दहा स्पाइक बघा. त्यांच्या पाकळ्या दिसतच नाहीत. कापलेलं गवत आणि चिखल यांचा लगदा मध्ये गच्च बसलाय, तळवा पोळपाटासारखा सपाट झालाय. सॉफ्ट स्पाइक खिळ्यासारखा जमिनीत घुसत नाही. त्याला पाकळ्या असतात. वजन पडलं की त्या थोड्या पसरतात आणि गवतात अडकतात, पकड तिथून येते. मधली जागा भरली की पाकळी गवतापर्यंत पोचतच नाही. पावसाळ्यात दोन-तीन होल झाले की लाकडी टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने तो लगदा उकरून काढायचा, एका मिनिटाचं काम आहे. हे बूट देतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. वर्षानुवर्षं मेटल वापरलेल्या माणसाला ही सवय कुठून असणार?

मेटलची पकड चांगली असते हे मी नाकारत नाही. ओल्या उतारावर, भिजलेल्या मऊ जमिनीत स्टीलचा खिळा जसा रुततो तसा प्लास्टिकचा स्पाइक रुतणार नाही. टायगर वुड्सने वर्षानुवर्षं मेटल वापरले, हेही खरं. पण त्याच्या स्पर्धेतलं ग्रीन (चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) रोज सकाळी कापून, रोलर फिरवून तयार होतं आणि त्यावर मोजके लोक चालतात. आपल्याकडच्या कोर्सवर रविवारी किती मंडळी जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता.

ग्रीनवरचं गवत साधारण तीन-चार मिलिमीटर ठेवलेलं असतं, आपल्या चादरीवरच्या लवेएवढं म्हणा. खिळा त्याच्या दुप्पट लांब. पाय सरळ वर उचलला तर नुसतं भोक पडेल, पण चालताना कुणी पाय सरळ उचलत नाही. टाच फिरते, पाय किंचित ओढला जातो आणि खिळा मुळासकट गवताचा झुबका वर काढतो. हळू निघालेल्या चेंडूला तो झुबका म्हणजे वाटेतला खडा. मी कागदावर हिशेब केला. एका ग्रीनवर एका माणसाची तीस पावलं धरली, पावलागणिक ११ खिळे, तर ३३० भोकं. चौघांची १३२०. आणि मागून पुढची चौकडी येतेच आहे.

वर २०१८ संपेपर्यंत गोल्फचा नियम असा होता, की चेंडू पडून झालेला खड्डा बुजवता येईल, पण पट (ग्रीनवरचा हळू फटका) मारायच्या रेषेवरची बुटाच्या खिळ्याची खूण नीट करता येणार नाही. पुढे गेलेल्याच्या खिळ्याचा त्रास मागच्याने मुकाट्याने सोसायचा. १ जानेवारी २०१९ पासून ती खूण दुरुस्त करायला परवानगी मिळाली. तरी प्रत्येक जण वाकून दुरुस्त करतोच असं नाही.

सॉफ्ट स्पाइक निघाले ते यातूनच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइसी शहरात. हिवाळ्यात खेळायचं तर मेटलने ग्रीनची वाट लागते, म्हणून हा प्लास्टिकचा पर्याय आला. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक क्लबांनी मेटलवर बंदी घातली आणि आज बहुतेक कोर्सवर मेटल चालत नाहीत. तुम्ही अडीचशे किलोमीटर गाडी चालवून जायचं आणि पहिल्या टीवर स्टार्टरने (खेळाडूंना खेळायला सोडणाऱ्या क्लबच्या माणसाने) बूट बघून परत पाठवायचं, हे मला नको होतं. (न विचारण्याचं हे समर्थन नाही. ती चूक वर मान्य केली आहे.)

‘सोलापुरात काय कळतं’ हे वाक्य मात्र लागलं, सर. आमच्याकडे गोल्फचे बूट वर्षाला मोजकेच येतात, मान्य. पण खिळ्यांचे बूट आमच्या घरात वडिलांपासून आहेत. पार्क मैदानावर खेळणाऱ्या पोरांचे सोल त्यांनी शिवले आणि तेव्हापासून हा मेटल की रबर वाद आम्ही ऐकतोय. शाळेचा सामना मॅटिंगवर असेल तर खिळे चालत नाहीत, मॅट फाटते. टर्फवर फास्ट बोलरला खिळे लागतात, नाहीतर पुढचा पाय टाकताना घसरतो. पण त्यालाही फॉलो-थ्रूमध्ये खेळपट्टीच्या मधल्या दोन फूट रुंद पट्ट्यावर धावू देत नाहीत, पॉपिंग क्रीजपासून पाच फूट पुढे तो पट्टा सुरू होतो. का, तर तिथे खिळ्यांनी खरबडलं की पुढच्या बॅट्समनला चेंडू कसाही येणार. क्रिकेटमध्ये मैदानाचा तेवढा भाग जपतात. गोल्फमध्ये तशी अठरा ग्रीन आहेत आणि प्रत्येकाला त्यांच्यावरून चालावंच लागतं. वडील एखाद्या पोराला खिळे लावून देताना आधी विचारायचे, ‘कुठल्या मैदानावर खेळणार?’ तुमच्या बुटांच्या वेळी मीही मनात तोच प्रश्न विचारला. तुम्हाला विचारायचा राहिला.

आणखी एक. तुमचे काढलेले खिळे मी बघितले. उजव्या बुटाच्या टाचेचे चारही बोथट, टोकं हरभऱ्यासारखी गोल झालेली. गवतावर इतकी झीज होत नाही, ती पार्किंगच्या सिमेंटवर होते. गुळगुळीत फरशीवर मेटलचे बूट तर अक्षरशः बर्फावर उभं राहिल्यासारखे असतात, आणि कडक वाळलेल्या जमिनीत खिळा आत न जाता माणूस नुसता टोकांवर तोलत उभा राहतो. सॉफ्ट स्पाइकही सिमेंटवर झिजतात, किंबहुना लवकर झिजतात. म्हणून बूट कोर्सवर गेल्यावरच घाला, गाडी चालवताना साधी चप्पल बरी. पंधरा-वीस राउंड झाले की पाकळ्या तपासा. अर्ध्यावर आल्या असतील तर बदलायची वेळ झाली.

पैशांचं स्पष्ट लिहिते, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायला नको. २२ स्पाइक, नग ४५ रुपयांनी ९९० रुपये. जुने गंजलेले खिळे काढून आटे साफ करायची मजुरी २६०. एकूण १२५०. तुमच्या जुन्या बुटाच्या बारीक स्टीलच्या आट्यात बसणारे सॉफ्ट स्पाइक वेगळे मागवावे लागतात. हल्लीच्या बुटांना चतकोर-अर्ध्या फिरकीत बसणारी लॉकची पद्धत असते, ते माप यात चालत नाही. माल पुण्याहून आला. लोखंडाचे खिळे स्वस्त पडले असते, हे खरं आहे, आणि हेही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

रिव्ह्यूखाली एकाने विचारलंय, की मग बिनस्पाइकचे बूट का नाही घ्यायचे? तेही चांगले असतात. २०१० च्या मास्टर्सला (गोल्फची मोठी स्पर्धा) अमेरिकी खेळाडू फ्रेड कपल्स रोजच्या वापरातल्यासारखे दिसणारे बिनस्पाइकचे बूट घालून उतरला, पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत खेळ संपवून आघाडीवर राहिला, आणि तेव्हापासून त्यांची चलती झाली. उन्हाळ्यात, कोरड्या मैदानावर मी तेच सुचवते. पण जुलै-ऑगस्टमध्ये खेळणाऱ्याला मी ते विकणार नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता तुमच्यासाठी काय करणार ते. मजुरीचे २६० आणि गळालेल्या स्पाइकचे ४५, असे ३०५ रुपये परत देते. बूट पुन्हा आणून द्या. २२ च्या २२ भोकं मामा माझ्यासमोर साफ करतील, प्रत्येक स्पाइक मी स्वतः नख लावून तपासेन, नवा स्पाइक आमच्याकडून. लगदा काढायला छोटा ब्रशही सोबत देईन. सॉफ्ट नकोच असतील तर पूर्ण १२५० परत घ्या, हरकत नाही. आणि तुम्ही जिथे खेळता तिथे मेटल चालतात, असं क्लबला विचारून मला सांगितलंत, तर स्टीलचे खिळे मागवून बसवून देईन, फक्त खिळ्यांचे पैसे घेईन. न विचारता बसवणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी अकरानंतर या, मामा तेव्हा असतात. तुमचे जुने २२ खिळे मी टाकून दिलेले नाहीत. पावतीचा नंबर लिहून पत्र्याच्या डबीत काउंटरखाली ठेवले आहेत. ते तुमचेच आहेत, येताना घेऊन जा.