म्हणे, बाईनं नुसती सही करायची!

काल रात्री साडेदहाला आत्येचा कुडाळहून फोन. "ह्यां खरां काय गो?" भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी ढकललेला मेसेज तिनं वाचून दाखवला. आता म्हणे प्रत्येक कंपनीत निम्म्या संचालक बायकाच हव्यात, नाहीतर कंपनीला सील. घाबरू नका, बायकोचं नाव घाला, तिनं नुसती सही करायची, जबाबदारी शून्य. तसाही हा कायदा बड्या घरच्या बायकांना खुर्च्या द्यायलाच केलाय. आणि नॉर्वेत कंपन्या बुडाल्या म्हणून तिथे तो गुंडाळला.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आत्या स्वतः संचालक आहे. काका गेल्यावर मुलानं काजूच्या कारखान्याची प्रायव्हेट लिमिटेड केली, त्यात मायलेक दोघंच.

निम्म्या बायका कुठून आल्या, देव जाणे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १४९ आणि त्याखालचा २०१४चा नियम ३ काढून वाचा, पाच मिनिटं लागतील. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, आणि भरणा झालेलं भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी वा त्याहून जास्त असलेल्या पब्लिक कंपन्या, यांना किमान एक महिला संचालक लागते. एक! आत्येच्या प्रायव्हेट लिमिटेडला तीही सक्ती नाही. सीलबिल तर काहीच नाही, चुकलं तर दंड होतो.

पण माझं डोकं फिरलं ते 'नुसती सही'वर. कलम १६६ संचालकाची कर्तव्यं सांगतं: काळजीनं, स्वतःच्या बुद्धीनं निर्णय घ्या. मोडलं तर १ ते ५ लाख दंड. कंपनीनं सलग ३ वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर कलम १६४नुसार तिचे संचालक ५ वर्षांसाठी अपात्र. २०१७मध्ये सरकारनं ३ लाखांहून जास्त संचालकांना असं एका झटक्यात अपात्र ठरवलं. "मी फक्त सही केली" हे तिथे कुणी ऐकत नाही.

आणि सही तरी कुठे करते ती? मी विचारलं, "आत्ये, तुझी डिजिटल सही कुठाय?" "ती पेनड्राइव्हासारखी? ती सीएकडे." म्हणजे त्याच्या खणात, वर चिकटपट्टीवर तिचं नाव, आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक. त्या डिजिटल सहीची चावी ताब्यात ठेवायची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्यानं जिची सही तिच्यावरच टाकलीय. काजूगराच्या प्रतींत २४०चा गर कुठला नि ३२०चा कुठला हे जी बाई न मोजता सांगते, तिला वर्षभरात एकदाही ताळेबंद दाखवलेला नाही.

खुर्च्यांचं मात्र थोडं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. २०१४-१५मध्ये मुदत संपत आली तशी बऱ्याच कंपन्यांनी प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्यांच्या, घरातल्याच बायका बसवल्या. म्हणूनच कंपन्यांच्या कारभारावरच्या कोटक समितीच्या अहवालानंतर सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, नियम कडक केला: १ एप्रिल २०१९पासून बाजारमूल्यानं पहिल्या ५०० आणि २०२०पासून पहिल्या १००० नोंदलेल्या कंपन्यांत एक महिला *स्वतंत्र* संचालक हवी. प्रवर्तकाची बायको किंवा लेक त्यात बसत नाही. मेसेजवाल्यानं नेमकं हेच गाळलं.

नॉर्वे? तिथला संचालकांत किमान ४० टक्के बायकांचा नियम अजून आहे, उलट आता मोठ्या खासगी कंपन्यांनाही लावायला घेतलाय. शेअरचे भाव पडले असं एका अभ्यासात निघालं होतं, नंतरच्यांनी ते खोडलंय. 'बुडाल्या' असं तर त्या अभ्यासातही नाही.

आज सकाळी आत्येनं सीएला फोन करून चावी आणि गेल्या वर्षीच्या ताळेबंदाची प्रत मागितली. तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेताय काकू, मुलाला पाठवा." सोमवारी आम्ही दोघी जातोय.