गरुडाची आई पिल्लाला आकाशातून सोडून देत नाही

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर तो गरुडाच्या ट्रेनिंगचा मेसेज फिरायला लागतोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: बाकीच्या पक्ष्यांची पिल्लं घरट्यात चिवचिवत असतात त्या वयात गरुडाची आई पिल्लाला पंजात पकडून १२ किलोमीटर वर नेते आणि सोडून देते, पिल्लू पडता पडता पंख उघडायला शिकतं, नाहीच जमलं तर जमिनीजवळ आई येऊन त्याला पाठीवर झेलते आणि परत वर नेते. दुसऱ्या व्हर्जनमध्ये आई घरट्यातलं मऊ गवत काढून टाकते, म्हणजे काटे टोचून पिल्लू आपोआप बाहेर पडतं. आणि खाली उपदेश, की मुलांचे लाड बंद करा, त्यांना असं घडवा.

सोबत फोटो बहुतेक वेळा पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचा, बाल्ड ईगलचा असतो, आणि नेमका हाच पक्षी असा आहे की ज्याचं घरटं अंड्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत चोवीस तास कॅमेऱ्यावर दिसतं. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावाजवळ पाइनच्या उंच झाडावर जॅकी आणि शॅडो या जोडीचं घरटं आहे, फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली ही संस्था ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवते. उन्हाळ्यात तिकडे पहाट होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतात, त्यामुळे घरची कामं करता करता आरामात बघता येतं. मी ते बघते, आणि मेसेजमधली एकही गोष्ट तिथे दिसत नाही.

आधी १२ किलोमीटर. एव्हरेस्ट ८.८ किलोमीटर आहे. १२ किलोमीटरवर प्रवासी विमानं उडतात, बाहेर तापमान शून्याखाली पन्नासच्याही खाली असतं आणि श्वास घ्यायला पुरेशी हवा नसते. पक्ष्याच्या उंचीची सर्वात मोठी नोंद म्हणून जी सांगतात ती आफ्रिकेतल्या एका गिधाडाची आहे, १९७३ मध्ये ते आयव्हरी कोस्टवर साधारण ११.३ किलोमीटरवर विमानाला धडकलं होतं. बाल्ड ईगल मासे पकडणारा पक्षी, तो इतक्या वर जातच नाही, पिल्लू घेऊन तर लांबच राहिलं.

मग पंजात पकडून नेणं. पूर्ण वाढलेली मादी साधारण पाच-सहा किलोची असते आणि ती उचलून उडू शकते ते फार तर दोन किलोपर्यंतचं वजन. पिल्लू उडायच्या वयाला येईपर्यंत जवळजवळ आईबापाएवढं झालेलं असतं, मग उचलणार कसं? आणि लहानपणी उचललं म्हणावं, तर तेव्हा त्याच्या अंगावर नुसती राखाडी लव असते, उडायची पिसं फुटलेलीच नसतात, ते पंख उघडून करणार काय. पण मला इथे वजनापेक्षाही महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट जी कॅमेऱ्यात अगदी जवळून दिसते. पिल्लं लहान असताना जॅकी किंवा शॅडो घरट्यात चालतात ते पंजे मुडपून, नखं आत घेऊन, मूठ केल्यासारखे, कारण त्या नखांनी मासा आरपार फाटतो आणि चुकून जरी पिल्लाला लागलं तरी संपलं. भरवताना माशाचा बारीकसा तुकडा तोडायचा, मान तिरकी करायची म्हणजे चोचीचं टोक पिल्लाच्या डोळ्याला लागणार नाही, आणि पिल्लू घेईपर्यंत तसंच थांबायचं, मग पुढचा तुकडा, एका पिल्लाचं पोट भरलं की दुसरं पुढे येतं. ज्या पंजांबद्दल मेसेज एवढं बोलतो ते पंजे पिल्लाजवळ कसे वापरले जातात हे एकदा बघाच.

गवत काढून टाकण्याचं तर अगदी उलटं आहे. दोघं सतत काहीतरी आणत असतात, कडेला काटक्या रचून कठडा करतात, मधल्या भागात सुकं गवत, साली आणून पसरतात, आणि पिल्लं मोठी झाली तरी हे थांबत नाही. आणि दोघं म्हणजे दोघं. मेसेजमध्ये बाप कुठेच नाही, खऱ्या घरट्यात शॅडो अंड्यांवर बसतो, शिकार आणतो, भरवतो, काटक्यांची जागा ठरवतो.

"गरुड कठोर असतो म्हणून पिल्लं कणखर होतात" हेही नीट बघूया. २०२५ च्या मार्चमध्ये या घरट्यात तीन पिल्लं झाली, आणि ती जेमतेम आठवडाभराची असताना बर्फाचं वादळ आलं. आईबापांनी बर्फ अंगावर घेऊन पिल्लं पोटाखाली ठेवली, तरीही तीनपैकी एक गेलं. थंडी, भूक, मोठ्या भावंडाच्या चोची हे सगळं तिथे असतंच, निसर्गात कष्ट नाहीत असं कोणीच म्हणत नाहीये. पण ते कष्ट आईबाप मुद्दाम देत नाहीत, ते आईबाप अडवायला बघतात. उरलेल्या दोघांची सनी आणि गिझ्मो ही नावं तिथल्या तिसरीच्या मुलांनी मतदान करून निवडली.

आता उडायला शिकतात कसं, कारण खरी मजा तिथे आहे. सहा-सात आठवड्यांचं पिल्लू घरट्यातच उभं राहून पंख मारायला लागतं, आधी दोन-चार फडफडी आणि धपकन बसणं, मग वारा आला की तोंड वाऱ्याकडे करून फडफड, मग पाय घरट्यापासून हातभर उचलले जातात, स्वतःच दचकल्यासारखं खाली येतं आणि लगेच परत सुरू करतं. मग शेजारच्या फांदीवर उडी, परत घरट्यात, परत फांदीवर. आईबाप यातलं काहीही करायला लावत नाहीत. कधी शेवटी शेवटी ते मासा समोरच्या फांदीवर बसून खाताना दिसतात, त्याला कोणी आमिष म्हणो, पण ढकलणं हे नक्की नव्हे. २ जूनला सनी उडाली. गिझ्मो मात्र आणखी काही दिवस घरट्यातच होती, आणि तिला कोणी ढकललं नाही, उपाशी ठेवलं नाही, ७ जूनला तीही गेली. उडाल्यावरही बाल्ड ईगलचे आईबाप पिल्लांना काही आठवडे खाऊ घालत राहतात, शिकार जमेपर्यंत.

पाठीवर झेलण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातही पंखांवर वाहून नेणाऱ्या गरुडाची उपमा आहे. काव्य म्हणून सुंदर आहे. कॅमेऱ्यावर तसं कधी दिसलेलं नाही.

तरी कोणी म्हणेल की ट्रेनिंगशिवाय गरुड टिकणार कसा. त्याचं उत्तर न्यूयॉर्क राज्याने देऊन ठेवलंय. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची, १९६३ मध्ये अलास्का सोडून अमेरिकेत या गरुडांच्या फक्त ४१७ जोड्या मोजल्या गेल्या, कितीही शूर असले तरी विषापुढे काय चालणार. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि १९७६ पासून न्यूयॉर्कने दुसऱ्या राज्यांतून पिल्लं आणून उंच मचाणावर वाढवली, आईबाप नाहीत, माणसं लपून खाणं ठेवायची म्हणजे पिल्लांना माणसाची सवय लागू नये. ती पिल्लं वय झाल्यावर आपली आपण उडाली. त्यातलंच एक, १९७७ मध्ये मिनेसोटाहून आणलेलं, २०१५ मध्ये गाडीच्या धडकेने मेलं तेव्हा ३८ वर्षांचं होतं, आणि ओळखीसाठी पायात कडं घातलेल्या बाल्ड ईगलमध्ये तेव्हा ते सर्वात जास्त जगलेलं होतं. त्याला कोणी १२ किलोमीटरवरून सोडलं नव्हतं. २००७ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

तुमच्या ग्रुपवर मेसेज आला तर भांडत बसू नका, घरट्याची लिंक टाका. जॅकी बहुतेक वर्षी जानेवारीत अंडी घालते, पिल्लं झाली तर बहुधा मार्चमध्ये होतात (२०२३ आणि २०२४ ला झालीच नाहीत), आणि पंख मारण्याचा सराव बघायचा असेल तर एप्रिलच्या शेवटापासून पुढे, संध्याकाळी साडेसहानंतर लावा, मुलांना शेजारी घेऊन.