न्यू कम्युनिटीज बुडाली, पण कशाने?

परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: 'जमीन ट्रस्टच्या नावे ठेवणं म्हणजे नवा जमीनदार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीयांनी न्यू कम्युनिटीज नावाची अशी संस्था काढून पाहिली, बुडाली. जमीन ज्याच्या-त्याच्या नावावर असती तर टिकली असती.'

शेवटून सुरू करतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती, ज्याच्या-त्याच्या नावावरच. त्यातली बहुतेक पुढे हातातून गेली. एक वाट अशी: इच्छापत्र न करता मालक वारला की सगळे वारस सामाईक मालक, सातबाऱ्यावर पंचवीस नावं चढतात तसे. मग बाहेरच्याने दूरच्या शहरातल्या एखाद्या चुलतभावाचा हिस्सा कवडीमोलाने घ्यायचा आणि कोर्टाकडून अख्ख्या जमिनीचा लिलाव करवून घ्यायचा. आपल्या १८९३ च्या वाटणी कायद्यात निदान राहत्या घरापुरतं कलम ४ आहे. अशा वेळी घरच्यांना तो हिस्सा विकत घेता येतो. जॉर्जियात वारसांच्या अशा सामाईक जमिनीला संरक्षण देणारा खास कायदा झाला २०१२ साली!

न्यू कम्युनिटीजच्या एक संस्थापक शर्ली शेरॉड अशाच जमीनवाल्या शेतकरी घरातल्या. त्यांचे वडील होझी मिलर यांना १९६५ मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने गोळी घातली. खटलाही उभा राहिला नाही. १९६९ मध्ये पती चार्ल्स आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी जॉर्जियातल्या ली काउंटीत पाच हजारांहून अधिक एकर जमीन घेतली, संस्थेच्या नावे. समोर जे नमुने होते, त्यात आपल्या विनोबांचं ग्रामदानही होतं.

आता 'बुडाली'. घरांसाठीचा केंद्राचा निधी गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी अडवला. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा सरकारी शेतीकर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळालं, न्यू कम्युनिटीजला वर्षानुवर्षं लटकवलं. १९८५ मध्ये जमीन गेली. यात जमीन संस्थेच्या नावे असण्याचा दोष कुठे?

'नवा जमीनदार' हे तर ऐकीव. अशा ट्रस्टमध्ये घर कुटुंबाचं, जमीन ट्रस्टची; जमिनीचा भाडेपट्टा बहुधा ९९ वर्षांचा, वारसांकडे जाणारा. संचालक मंडळात साधारण एक तृतीयांश रहिवासी. घर विकताना किमतीवर मर्यादा असते, हे खरं. घरातून बक्कळ नफा हवा असेल त्याने इकडे फिरकू नये.

सरकारी शेतीकर्जातल्या भेदभावाच्या दाव्यात २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. २०११ मध्ये जॉर्जियातल्याच ऑल्बनीजवळचा, एकेकाळी गुलाम राबवलेला १,६३८ एकरांचा मळा घेतला. पुन्हा संस्थेच्याच नावे.