‘एरिथ्रोप्सिया’ म्हणजे डोळे लाल होणे नव्हे

‘एरिथ्रोप्सिया म्हणजे डोळे लाल होणे, थंड पाण्याने डोळे धुतले की बरे होते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि दृष्टीचा प्रश्न असल्याने त्याचा खुलासा आवश्यक वाटतो. ग्रीक भाषेत ‘एरिथ्रॉस’ म्हणजे लाल आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे दृष्टी. म्हणजेच या स्थितीत डोळा बाहेरून अगदी स्वच्छ असू शकतो, पण रुग्णाला समोरचा पांढरा कागदही लालसर दिसतो.

बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रखर उन्हात बराच वेळ राहिल्यावर असे घडू शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही, विशेषतः कृत्रिम भिंग न बसवलेल्या डोळ्यात, हा अनुभव येतो, कारण अतिनील किरण अडवणारे नैसर्गिक भिंग तेथे उरलेले नसते. ही लाली बहुधा आपोआप ओसरते.

डोळ्याच्या आतील काचद्रवात, म्हणजे भिंगामागच्या जेलीसारख्या पारदर्शक पदार्थात, रक्तस्राव झाल्यासही दृष्टीवर लाल झाक येते, आणि हे कारण गंभीर आहे. मधुमेहाने नाजूक झालेल्या किंवा दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा) फाटताना तुटलेल्या रक्तवाहिनीतून हे रक्त येते, तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते. अचानक असे दिसू लागल्यास डोळे धूत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.