बारा हजारांचा हिशेब पूर्ण मांडा

नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "शेतकऱ्याला घरबसल्या पैसे, खत-विमा फुकट, कर शून्य. श्रीमंत जमीनदारच सगळं खातात आणि भरतो आपण नोकरदार." लोक तो खरा मानून पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

घरबसल्या पैसे. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००. मिळून वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये, तेही पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एका कुटुंबाला. वावर दोन एकर असो की वीस, रक्कम तेवढीच. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे वर्षभराचं हे अनुदान जेमतेम दीड क्विंटल कापसाच्या किमतीचं. एवढ्यावर कोण घरी बसून खाईल?

कर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं आहे. पण कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी शेतकरी भरतोच, डिझेलवरचा करही भरतो. व्यापारी खरेदीवरचा जीएसटी पुढे वळता करून घेतो, शेतकऱ्याला ती सोय नाही. आणि मागच्या वर्षी आयकर भरलेला माणूस पीएम किसानला पात्रच ठरत नाही.

खत फुकट नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकत घ्यावी लागते. अनुदान कंपनीला जातं, दुकानातल्या मशीनवर विक्रीची नोंद झाल्यावर. एक रुपयात पीक विमा होता, पण २०२३ च्या खरिपापासून, आणि २०२५ च्या खरिपाला तो बंद झाला. आता कापसाला विमा संरक्षित रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरावा लागतो.

"भरतो आपण" म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ आठवावा. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरचा कापूस स्वस्त झाल्याने कापड उद्योगाला दिलासा मिळाला. विदर्भातल्या शेतकऱ्याची पराटी मात्र तेव्हा शेतात उभी होती आणि वेचणी याच सवलतीच्या काळात होणार होती. त्याला दिलेले बारा हजार सगळ्यांना दिसतात. अशा एका निर्णयाने त्याच्या भावावर जो दाब येतो, तो कुणाच्याच यादीत नसतो.

राहिला श्रीमंतांचा मुद्दा. आजी-माजी सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, सीए नियमाने बाहेर आहेत. तरी काही अपात्रांनी पैसे उचलले, सरकारने वसुलीही काढली. ती व्हायलाच हवी.

पण खरी गळती वेगळीच आहे आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. पैसे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतात, कसणाऱ्याला नाही. काटोल-नरखेडला संत्र्याची बाग किंवा उमरेडकडे सोयाबीनचं वावर ठेक्याने करणारा माणूस ठेक्याची रक्कम आधी मोजतो, बियाणं-फवारणी-मजुरी स्वतः करतो, पाऊस उलटला तर नुकसानही त्याचंच. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, म्हणून हप्ताही मालकाच्या खात्यात, मग तो नागपुरात फ्लॅटमध्ये राहत असला तरी. कराच्या मर्यादेखालची खासगी नोकरी असेल तर तो नियमानुसार पात्रच ठरतो. ठेक्याने कसणाऱ्याकडे कागद नसतो, कारण कूळ लागण्याच्या, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क बसण्याच्या भीतीने मालक लेखी करार करत नाही. मग पीक कर्जही त्याला सहसा मिळत नाही आणि तो सावकाराकडे जातो.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नावावर गावाकडे जमीन असेल. ती ठेक्याने दिली असेल तर यंदा लेखी करार करून द्या. आणि हिवाळी अधिवेशनासाठी आमदार नागपुरात येतील तेव्हा त्यांना विचारा, की कसणाऱ्याची स्वतंत्र नोंद करून अनुदान त्याच्या खात्यात कधी टाकणार.