महामार्ग रखडला तो भूतानमुळे नव्हे

गणपतीला गावी निघालेला चाकरमानी माणगावच्या कोंडीत अडकला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘भूतान, नेपाळ, मालदीवला हजारो कोटी वाटता, ही खैरात बंद करा, मुंबई-गोवा महामार्ग वर्षात पूर्ण होईल. त्या पैशांतून कोकणाला काय मिळते?’ २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या रस्त्याबद्दलचा संताप रास्तच आहे. मजकुरातला हिशेब मात्र टिकत नाही.

पहिला दावा पैशांचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परदेशांच्या मदतीसाठी सुमारे ५,४८३ कोटी रुपये ठेवले होते आणि एकूण खर्च होता ५० लाख ६५ हजार कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले अकरा पैसे. त्याच वर्षी रस्ते वाहतूक मंत्रालयाला २ लाख ८७ हजार कोटी, मदतीच्या पन्नासपटींहून अधिक, मिळाले. आपला रस्ता अडला तो भूसंपादनाच्या वादांत, बदलत गेलेल्या ठेकेदारांत आणि परशुराम घाटातल्या दरडींत. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तो काही निधी भूतानच्या राजधानीला, थिंपूला गेला म्हणून नव्हे.

‘खैरात’ हा शब्दही चुकीचा आहे. त्या वर्षीच्या मदतीचा सर्वांत मोठा वाटा, २,१५० कोटी, भूतानचा होता आणि त्यात अनुदानाबरोबर कर्जही असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ७२० मेगावॅटच्या मांगदेछू जलविद्युत प्रकल्पाला भारताने ७० टक्के रक्कम कर्जाऊ आणि ३० टक्के अनुदान म्हणून दिली आणि भूतानच्या वापरानंतर उरणारी वीज भारतच विकत घेतो. २०२२ च्या आर्थिक संकटात श्रीलंकेला मिळालेली सुमारे ४ अब्ज डॉलरची मदतही मुख्यतः उधारी आणि देणी पुढे ढकलण्याच्या स्वरूपात होती. शिवाय आयात-निर्यातीला अर्थसाहाय्य करणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेमार्फत जी सवलतीची कर्जे दिली जातात, त्यांतून होणाऱ्या खरेदीपैकी साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. नेपाळमधील जयनगर-कुर्था रेल्वेमार्ग भारताच्या अनुदानातून झाला, तेव्हा त्यावर धावणाऱ्या दोन डेमू (डिझेलवरच्या) गाड्या पुरवल्या कोणी? आपल्याच कोकण रेल्वेने.

अर्थात सगळेच प्रकल्प मांगदेछूसारखे होत नाहीत. भूतानमध्येच पुनात्सांगछू-१ या जलविद्युत प्रकल्पाचे काम २००८ च्या सुमारास सुरू झाले, पुढे डोंगर खचला, खर्च दुपटीहून अधिक झाला आणि वर्षे उलटत गेली. त्याचा जाब विचारणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणू नये.

राहिला कोकणाचा प्रश्न. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीची सामग्री रायगडच्या शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यावर उतरली होती, हे श्रीवर्धनकरांना सांगायला नको. श्रीलंका, मालदीव, मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यांवर भारताने उभारून दिलेली रडार यंत्रणा समुद्रावरची नजर बरीच दूरवर नेते आणि तिचा उपयोग अरबी समुद्राला तोंड करून बसलेल्या गावांनाही आहेच. दुसरे असे, की परदेशी मदत घेणाऱ्यांत आपणही आहोत. जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशांतून सिंधुदुर्गात खेकडापालनाला आणि कालवांच्या शेतीला हात मिळाला, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. आणि २०१९ पासून महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी हरित हवामान निधी या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचे सुमारे ४.३ कोटी डॉलरचे जे अनुदान आले, त्यातही सिंधुदुर्ग आहे. या निधींना पैसे देणाऱ्या देशांतल्या एखाद्या करदात्यानेही हाच मजकूर आपल्या भाषेत पुढे पाठवला असेल.